वाचकांचे प्रश्न : फिरते घर भाड्याने घेताना

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील एका गावात राहतो. कापसाची वेचणी आटोपली की जानेवारीत सहा दिवस शेगाव, लोणार, चिखलदरा आणि कोलकास असा फेरा करण्याचा बेत आहे. घरात आई-बाबा, आम्ही दोघे, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि दोन मुले अशी आठ माणसे आहेत. आईचे गुडघे गेलेले आहेत आणि बाबांना मधुमेह असल्यामुळे तासा-दीड तासाने लघवीसाठी उतरावे लागते. या संकोचापायी ते दोघे गेल्या सहा-सात वर्षांत लग्नकार्यालाही बाहेरगावी गेलेले नाहीत. म्हणून आत झोपण्याची सोय, छोटा ओटा आणि स्वच्छतागृह असलेली कॅराव्हॅन नागपुरातून घ्यावी असे ठरवले आहे. निम्मी रक्कम आधी पाठवा, गाडी तुमच्या दारात येईल, असे फोनवर सांगण्यात आले. आमच्याकडे अशी गाडी कोणी पाहिलेली नाही. कोणत्या चुका टाळाव्यात?
– एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : निम्मी रक्कम अजून पाठवली नसेल, तर कृपया पाठवू नका. आपल्या ग्रामीण भागात अशा व्यवहारांत होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. गाडी शहरातली असते, ठरवाठरव फोनवर होते, मोबाइलवर चार छायाचित्रे येतात आणि ती पाहून इसार जातो. छायाचित्रातली गाडी आणि दारात उभी राहिलेली गाडी वेगळी निघाली, तर त्या सकाळी सगळे घर बॅगा भरून उभे असते, आणि अशा वेळी परत पाठवण्याची हिंमत कोणी करत नाही. बैल घेताना आपण बाजारात जाऊन त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. ज्या गाडीत पाच-सहा रात्री आई-बाबांना झोपवायचे, तिच्यासाठी नागपूरची एक फेरी मुळीच जास्त नाही.

त्या फेरीत शक्य असेल तर आईंना सोबत न्या. आपल्याकडच्या बऱ्याच कॅराव्हॅन ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांची पहिली पायरी दुखऱ्या गुडघ्यांसाठी बरीच उंच असते. खाली ठेवण्याची सुटी पायरी मिळते का, दाराच्या दोन्ही बाजूंना धरण्यासाठी दांडे आहेत का, ते पाहा. त्यानंतर आईंना आतल्या स्वच्छतागृहात जाऊन बसायला आणि कोणाच्या आधाराशिवाय उठायला सांगा. काही गाड्यांत ही खोली इतकी अरुंद असते की गुडघे समोरच्या दाराला टेकतात आणि उठताना जोर लावायला जागाच उरत नाही. आईंना नेणे शक्य नसेल, तर पायरीची उंची, दाराची रुंदी आणि बैठकीपासून दारापर्यंतचे अंतर टेपने मोजून आणा आणि घरी खुर्ची-स्टूल मांडून तेवढ्या जागेत त्यांना बसवून पाहा.

बाबांच्या संदर्भात एक गैरसमज आधीच दूर करतो. गाडी चालू असताना कोणीही उठून स्वच्छतागृहात जायचे नाही. एका जोरदार ब्रेकने उभा माणूस पुढच्या काचेपर्यंत फेकला जातो. म्हणजे तासा-दीड तासाने थांबावे लागेलच. मात्र ढाबा किंवा पंप शोधत ताटकळावे लागणार नाही, रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी घेतली की आडोसा गाडीतच आहे. हे सुख खरे आहे आणि त्यासाठी पैसे मोजणे योग्यच आहे.

आता आठ माणसांचा प्रश्न. ‘सहा जणांची गाडी आहे, आठ सहज मावतील,’ असे सांगितले गेले असेल, तर हे सहा म्हणजे झोपणारे सहा की बसणारे सहा, ते आधी विचारा. झोपण्याच्या फळ्या वेगळ्या आणि पट्टा बांधून बसण्याची आसने वेगळी. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आर.सी.वर, जितकी आसनसंख्या लिहिलेली असते तितकीच माणसे धावत्या गाडीत बसू शकतात, त्यात चालकही धरलेला असतो. ‘मुले वर झोपून येतील’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी मला धडकी भरली आहे. धावत्या गाडीत फळीवर झोपलेल्या मुलाला कशाचाच आधार नसतो. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे असताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

माझे प्रामाणिक मत असे, की आठ माणसांसाठी एकच कॅराव्हॅन हा हट्ट धरू नये. चार आसनांची, चांगल्या स्थितीतली गाडी घ्यावी, तिच्यातून चालक, आई-बाबा आणि त्यांच्यासोबत आळीपाळीने एकाने बसावे आणि बाकीच्यांनी घरच्या किंवा भाड्याच्या साध्या गाडीने यावे. दुसरा मार्ग त्याहून स्वस्त आहे. मोठी ट्रॅव्हलर घ्यावी, रात्री शेगावला संस्थानाच्या भक्तनिवासात आणि लोणार व चिखलदरा येथे पर्यटन महामंडळाच्या निवासात मुक्काम करावा आणि बाबांसाठी औषधांच्या दुकानात मिळणारी घडीची खुर्ची-कमोड व एक पडदा सोबत ठेवावा. सहा दिवसांत चार ठिकाणे असतील, तर गाडीत झोपण्याची हौस पहिल्या दोन रात्रींत फिटते आणि तिसऱ्या रात्री सगळ्यांना पाठ टेकायला मोठी खोली हवी असते. तरीही कॅराव्हॅनच घ्यायची असेल, तर पुढचे सर्व काळजीपूर्वक वाचावे.

आधी पाटी आणि कागद. भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरे असतात. चालकाशिवाय, स्वतः चालवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. (पुढच्या पत्राच्या उत्तरात त्याविषयी अधिक लिहिले आहे.) गाडीचा क्रमांक शासनाच्या एम-परिवहन ॲपवर टाकला, तर नोंदणीचा वर्ग, विम्याची मुदत, फिटनेस म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची मुदत आणि पीयूसी इतके तरी घरबसल्या दिसते. नोंदणीच्या वर्गाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण मूळची प्रवासी किंवा मालवाहू गाडी आतून फोडून तिच्यात पलंग, शेगडी आणि टाक्या बसवायच्या आणि परिवहन कार्यालयात तो बदल नोंदवायचाच नाही, असे घडते. नोंदणीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मनाई आहे. तपासणीत अशी गाडी अडकली, तर अर्ध्या रस्त्यात उतरावे लागणारी माणसे तुमची असतील.

पैशांच्या बाबतीत एकच प्रश्न नीट विचारला तर अर्धे वाद मिटतात : किलोमीटर कोठून कोठपर्यंत मोजणार? बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक वेळा गाडी मालकाच्या गॅरेजमधून निघाल्यापासून परत गॅरेजला लागेपर्यंतचे सर्व किलोमीटर भाडेकरूच्या माथी असतात. नागपूर ते दारव्हा हे अंतर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर धरा. गाडी रिकामी येणार आणि शेवटी रिकामी जाणार, म्हणजे एकही माणूस न बसता साडेतीनशे-चारशे किलोमीटरचे भाडे आपल्या हिशेबात आले. नागपूरकराला हा प्रश्न पडत नाही, खेड्यातल्या माणसाला पडलाच पाहिजे. त्यातच दररोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. समजा ते ३०० आहेत. सहा दिवसांचे १,८०० झाले, आणि तुमचा फेरा त्याच्या निम्म्याने जरी झाला तरी पैसे १,८००चेच. तुमची ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत, गाडी जास्त वेळ उभीच राहणार आहे. म्हणून दिवसाचा ठरीव दर आणि चाललेल्या किलोमीटरचा वेगळा दर अशी बोलणी करा. दिवस चोवीस तासांचा की मध्यरात्री बदलणारा, तेही विचारा. रात्री ११ला गाडी दारात आणून उभी केली आणि तो एक पूर्ण दिवस लावला, असे झालेले मी पाहिले आहे. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता व त्याची झोपण्याची जागा, स्वच्छतेचे शुल्क, अनामत किती आणि ती किती दिवसांत परत, सहल रद्द झाली तर किती कापणार, हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तेवढा कागद होत नसेल, तर ठरलेले सर्व मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर मागवून घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याला पुढे काहीच आधार नसतो.

फिरत्या घरातली वीज, पाणी आणि गॅस यांच्याकडे आपले लोक घरातल्या विजेच्या, पाण्याच्या, गॅसच्या नजरेने पाहतात आणि तिथेच फसतात. वीज घ्या. गाडी उभी असताना वातानुकूलन यंत्र रात्रभर चालेल असे सांगितले जाते. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात साधारण १,८०० वॅट-तास साठतात. बॅटरी साधी शिसे-आम्लाची असेल, तर ती खराब होऊ नये म्हणून त्यांतले निम्मेच वापरायचे असतात. एक टनाचे यंत्र तासाला हजार वॅट-तास किंवा थोडे जास्तच खाते. म्हणजे एक तासही मिळत नाही. तोच पंचवीस वॅटचा छोटा पंखा मात्र संपूर्ण रात्र चालून सकाळीही बॅटरी शिल्लक ठेवतो. आपली सहल जानेवारीतली आहे हे बरे. मे महिन्यात विदर्भात पारा ४५च्या पुढे असताना पत्र्याच्या त्या पेटीत बाहेरच्या विजेशिवाय झोपण्याचा विचारही वृद्धांना घेऊन करू नये. मुक्कामाच्या ठिकाणी वीज जोडायची असेल, तर ती १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमधूनच आणि जाड तांब्याच्या वायरनेच जोडावी. घरातल्या पाच अँपिअरच्या बोर्डातून बारीक एक्स्टेन्शन ओढून एसी लावला, की वायर हाताला चटका बसेल इतकी तापते. ती वायर कोणी गुंडाळलेलीच ठेवली असेल, तर पेटूही शकते.

पाण्याचे गणित सोपे आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि चार माणसांनी आंघोळी केल्या तर ते एका सकाळीही पुरत नाही. आंघोळी मुक्कामाच्या ठिकाणी करा आणि गाडीतले पाणी स्वच्छतागृह व हात धुणे एवढ्यापुरते राखा. अनेक गाड्यांत संडासाखाली वीस लिटरच्या आसपासची काढती टाकी असते. ती कोण रिकामी करणार, हा प्रश्न मालकाला विचारायला लोक संकोचतात आणि तिसऱ्या दिवशी ती भरली की वाटेतला नाला शोधतात. तसे कृपा करून करू नका. ज्या नाल्यावर खालच्या गावाची गुरे पाणी पितात त्यात ते जाते. जिथे मुक्काम असेल तिथल्या व्यवस्थापकाला आधी विचारून तिथल्या शौचालयात ती ओता. टाकी काढायची कशी, लावायची कशी, हे गाडी घेताना मालकासमोर एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा.

गॅसविषयी मी कठोरपणे लिहितो, त्याबद्दल गैरसमज नसावा. सिलिंडर गाडीच्या आत पलंगाखाली सरकवून ठेवलेला दिसला, तर ती गाडी घेऊ नका. त्याच्यासाठी बाहेरून उघडणारा, तळाशी जाळी असलेला वेगळा कप्पा हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर फरशीशी साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला त्याचा वास लागण्याआधी खाली झोपलेले मूल त्यात असते. रबरी नळीवरची मुदत वाचा, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे आणि जानेवारीत तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते. तेव्हा खिडक्या लावून, ऊब मिळावी म्हणून गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपण्याचा मोह होतो. कोळशाची असो वा गॅसची, बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. चार गोधड्या जास्त घ्या, शेगडी मुळीच नको.

याच संदर्भात आपत्कालीन दार. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या अंगावर पडल्यामुळे आतल्यांना दारातून बाहेर पडताच आले नाही. त्या गाडीचा आणि कॅराव्हॅनचा घाट वेगळा असला, तरी कॅराव्हॅनलाही बहुधा एकच दार असते, आणि आत पडदे, गाद्या, प्लायवूड, म्हणजे पेटायला तयार सामान. दुसरा बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, ती खिडकी खरोखर उघडते का, काच फोडण्याचा हातोडा कुठे आहे आणि अग्निशामक नळकांड्याची मुदत संपलेली नाही ना, हे निघण्याआधी मुलांसकट सर्वांना दाखवा. दोन मिनिटे लागतात.

आता गाडी दारात आणण्याविषयी, कारण इथे माझीच चूक सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक गाडी घेऊन आमच्या गावी गेलो होतो. गावाच्या वेशीला जुनी कमान आहे. मध्यभागी ती भरपूर उंच आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. समोरून कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली बैलबंडी आली, चालकाने तिला वाट देण्यासाठी गाडी डाव्या अंगाला घेतली आणि कमान जिथे खाली उतरते तिथे छपरावरच्या एसीचे झाकण कोपऱ्यात कराकरा घासले. वर चढून पाहिले तर ताज्या चरावर चुन्याचा पांढरा भुगा होता आणि त्याच्या शेजारी दुसरी एक तडा गेलेली रेघ होती, तिच्यात जुनी धूळ बसलेली होती. ती तडा आमच्या आधीची आहे हे मला दिसत होते, पण ताबा घेताना मी गाडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढली होती, छपराचे काढले नव्हते. मालकाने पूर्ण झाकणाचे पैसे अनामतीतून कापले आणि मला बोलायला जागा राहिली नाही. तेव्हापासून मी शिडी मागतो आणि छप्पर आधी पाहतो.

आपल्या गाडीची एसीसकट उंची आर.सी.वर विसंबून न राहता मोजून घ्या, ती नऊ-दहा फुटांच्या घरात जाऊ शकते. मग बांबूला खूण करून आपल्या गावच्या वाटेवरून एकदा पायी चालत या. वेशीची कमान, घरावरून घरावर गेलेली विजेची सर्व्हिस वायर, वावराकडे जाणाऱ्या पंपाच्या झोळलेल्या तारा, निंबाची खाली आलेली फांदी, हे सगळे त्या चालण्यात दिसेल. जिथे शंका असेल तिथे गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करा आणि सामान बंडीने न्या. रात्री धुऱ्यालगत, वावराच्या कडेला गाडी लावू नका. हरभऱ्याला पाणी दिलेले असेल तर आपली काळी माती वरून वाळलेली आणि खालून लोण्यासारखी असते. तीन-साडेतीन टनांची गाडी आसापर्यंत रुतली की ट्रॅक्टरने ओढताना बंपर आणि खालच्या टाक्यांचे नळ तुटतात, आणि ते पैसे आपल्याच अनामतीतून जातात.

रस्त्याबाबत दोन गोष्टी लिहितो. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना वेगनियंत्रक असतो आणि त्या ताशी ८०च्या वर जात नाहीत. समृद्धीवर मोटारी १२०ने जातात, त्या हिशेबाने वेळापत्रक आखू नका. विश्रांतीची जागा नसेल तिथे समृद्धीवर गाडी थांबवता येत नाही, म्हणून बाबांच्या दृष्टीने कारंजा-मेहकर असा पट्टा निवडण्याआधी थांबे पाहून ठेवा. बाबांसाठी जुना राज्य मार्ग सोयीचा पडेल असे मला वाटते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना फारसे काही होत नाही, उतरताना होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय असलेला चालक अशा जड गाडीवर नको. ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरली पाहिजे, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. चालकाला हे आधीच प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. कोलकास आणि सेमाडोह मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे रस्त्याकडेला गाडी लावून रात्र काढता येत नाही, वन विभागाच्या निवासाचे आरक्षण आधी करावे लागते. लोणारचे विवरही अभयारण्य आहे, गाडी काठावर ठेवून खाली पायीच जावे लागते. आईंना काठावरूनच सरोवर दाखवा, तेही पाहण्यासारखे आहे.

ताबा दिवसाच्या उजेडात घ्या आणि त्यासाठी तास-दीड तास राखून ठेवा. संध्याकाळी सहाला आलेली गाडी सातला ताब्यात घेणे म्हणजे डोळे मिटून घेणे. मालकाचा माणूस समोर असताना सलग एक व्हिडिओ काढा. बाहेरून चारही बाजू, छप्पर, खालचा भाग, आतला प्रत्येक कप्पा, किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा त्यात येऊ द्या. प्रत्येक नळ सोडा, पंप लावा, संडासात पाणी ओता, दिवे आणि पंखे एकदम चालू करा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षांहून जुना टायर घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नये, आणि स्टेपनीही याच कसोटीवर पाहावी, कारण सर्वांत जुना टायर तिथेच लपवलेला असतो. गादी उचलून प्लायवूडवर हात फिरवा. ओल किंवा कुबट वास आला, तर छप्पर गळते आहे.

प्रश्न : माझ्या मित्राने स्वतःसाठी एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग आणि ओटा बसवला आहे. पाटी पांढरी आहे. तो ओळखीखातर निम्म्या भाड्यात देतो म्हणतो. मी स्वतः चालवणार आहे, माझ्याकडे कारचा परवाना आहे. नवेगावबांधपर्यंतच जायचे आहे. हरकत आहे का?
– एक शिक्षक, जिल्हा गोंदिया

उत्तर : हरकत आहे, आणि ती अंतराची नाही. खासगी गाडीचा विमा खासगी वापरासाठीच असतो. भाडे घेऊन दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते आणि समोरच्या जखमीला भरपाई द्यावी लागली, तर ती मित्राकडून वसूल होऊ शकते. ‘भाडे नाही, मदत म्हणून दिले’ असे सांगू, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. फोनवरून पाठवलेले पैसे आणि त्याखालचे दोन शब्द पुरावा म्हणून पुरतात, शिवाय खोटे बोलण्याची वेळ तुमच्या मित्रावर आणू नये असे मला मनापासून वाटते. मित्राने एक पैसाही न घेता गाडी दिली तर प्रश्न वेगळा आहे. तेव्हाही आतला बदल नोंदणीत आहे का, ते मात्र पाहावेच लागेल.

परवान्याबद्दल निश्चिंत राहा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले त्या वर्गातले परिवहन वाहनही वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. काळ्या पाटीची गाडी अधिकृतपणे घेतली, तरी आपला परवाना चालेल. मात्र कार चालवण्याची सवय आणि लांब, उंच, मागे काच नसलेली गाडी चालवण्याची सवय यांत फरक आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून अर्धा तास गाडी मागे घेण्याचा सराव करा, आणि मागे घेताना प्रत्येक वेळी एक माणूस खाली उतरलेला असू द्या.

प्रश्न : दिवाळीत घेतलेल्या कॅम्पर व्हॅनची अनामत मालकाने दोन महिने झाले तरी परत केलेली नाही. आधी ‘हिशेब पाहतो’ म्हणाला, आता फोन उचलत नाही. लेखी करार नाही. काय करावे?
– एक वाचक, जिल्हा बुलढाणा

उत्तर : करार नसला तरी पैसे पाठवल्याची नोंद आणि संदेश असतील, ते सर्व आधी दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर उतरवून ठेवा. त्यानंतर मालकाच्या पत्त्यावर एक साधे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. गाडी कोणत्या तारखेला घेतली, कोणत्या तारखेला परत केली, अनामत किती, आणि पंधरा दिवसांत परत न केल्यास तक्रार करणार, एवढेच त्यात असावे, रागाचे शब्द नसावेत. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. वकील लावलाच पाहिजे असेही नाही, स्वतः बाजू मांडता येते. गाडी परत करतानाचे एखादे छायाचित्र घरातल्या कोणाच्या फोनमध्ये असेल, तर ते आजच शोधून ठेवा. सहलीहून परतल्यावर मुलांनी गाडीसमोर काढलेला फोटोही चालतो, कारण त्यात मागे गाडीची अवस्था दिसते आणि फोनमध्ये तारीख-वेळ नोंदलेली असते.